ओटीतली सरकी

अकोला
५ फेब्रुवारी २०२४

मोठी आई, पाया पडते.

काल तुझ्या तिलकच्या फोनवर तुझ्याशी बोलले. बोलले म्हणजे मी ओरडत राहिले आणि तू "हो हो, जेवली" म्हणत राहिलीस. मी जेवणाचं विचारलंच नव्हतं. तेव्हा आता आपलं जुनंच बरं, पत्र.

काम असं आहे. मी इथे कापसाच्या मर रोगावर काम करते, हे तुला माहीत आहे. तूच मला मेलेल्या झाडांची डॉक्टरीण म्हणतेस. या रोगाची बुरशी मातीत असते. ती मुळातून शिरते आणि खोडातल्या पाण्याच्या वाटा बंद करते. झाड दुपारी मान टाकतं, संध्याकाळी पुन्हा उभं राहतं, आणि मग एक दिवस उभं राहतच नाही. त्यावर औषध नाही. माती एकदा बिघडली की बिघडली. उपाय एकच, तो म्हणजे ज्याला जन्मतःच हा रोग होत नाही असं झाड शोधायचं आणि त्याचा गुण बियांतून दुसऱ्या वाणात आणायचा. जुन्या देशी कापसात असा गुण कुठे कुठे लपलेला असतो.

परवा रोगट वाफ्यात उभी होते. आम्ही त्या वाफ्याची माती मुद्दाम बिघडवून ठेवली आहे. कुठलंही नवं बी आलं की त्यात पेरायचं आणि कोण उरतं ते बघायचं. तिथे एकदम तुझं अंगण आठवलं. चंदादीदीनं न्हाणीजवळ लावलेला देवकापूस. तुमच्याकडे सगळा धान, कापूस कोणी पेरत नाही, तरी ते झाड इतकी वर्षं उभं आहे. ती गेली त्याला केवढा काळ झाला! एवढं जगलेलं कापसाचं झाड मी दुसरं पाहिलेलं नाही. त्याच्यात नक्की काहीतरी आहे.

तर मला त्याची सरकी पाठव, चांगली ओंजळभर. आणि यंदा वाती वळताना सरकी गाईपुढे टाकू नकोस.

तुझी
रुचि


बोदलकसा
१० मार्च २०२४

रुचि बाई,

तुला आशीर्वाद. पत्राला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. बोंडं उमलल्याशिवाय सरकी काय मी तोंडानं काढू? यंदा झाड जरा कंजूषच झालं. धुकं पडलं आणि अर्धी बोंडं तशीच गळली. महाशिवरात्रीच्या वाती मात्र झाल्या. नागऱ्याच्या महादेवाला जाऊन आले, चंदाच्या नावानं लावून आले. बाकीच्या डब्यात भरून ठेवल्या आहेत.

सरकी गाईला घातली नाही. गाय माझ्याकडे बघून राहिली होती, तिला म्हटलं, यंदा तुझा वाटा अकोल्याला गेला.

सोबत पुरचुंडी आहे. खणाचा तुकडा आहे तो फेकू नकोस. हळदीकुंकू लावून पाठवते आहे. घरची लेक काही मागते तर ती ओटीच झाली, आणि ओटी मी भरून पाठवते. अर्धी ओटी घेऊन या घरातली पोर कधी गेलेली नाही. चंदा दवाखान्यात नागपूरला निघाली होती तेव्हासुद्धा मी भरली होती. कावीळ झालेल्या पोरीची ओटी काऊन भरून राहिली म्हणून तुझे मोठे बाबा ओरडले होते. भरली तरी ती परत आली नाही, हे वेगळं.

तुझ्या त्या रोगट मातीत हे बी टाकणार म्हणतेस. मनाला बरं वाटत नाही. पण शिकलेली आहेस, तुला समजत असेल. मेलं तर मला लिहू नकोस. जगलं तर लिही.

तुझी मोठी आई
धनवंता


अकोला
१८ ऑगस्ट २०२४

मोठी आई,

लिहिते आहे, म्हणजे समज!

जूनमध्ये सगळी सरकी रोगट वाफ्यात पेरली. दूरदूरच्या गावांतून आलेले देशी वाण शेजारी शेजारी होते. ते महिन्याभरात एकेक करून माना टाकत गेले. आता तो वाफा बघवत नाही, सगळ्या वाळक्या काड्या. पण तुझ्या ओळींत झाडं उभी आहेत. हिरवीगार. मी त्यांच्या मुळाशी आणखी बुरशी ओतली, तरी ती ढिम्म.

सगळी नाही, हे खरं सांगते. निम्मी मेली, निम्मी टिकली. पण उलट त्याचाच मला आनंद झाला. गुण आईबापांकडून उतरतो तेव्हा असाच वाटून उतरतो. आईकडे तो एका बाजूनं आलेला असला तर साधारण निम्म्या लेकरांना मिळतो, निम्म्यांना नाही. म्हणजे दीदीच्या झाडात तो गुण आहे, हे या निम्म्या-निम्म्यावरूनच दिसतं. आमच्या मोठ्या साहेबांना दाखवलं. ते एरवी हसत नाहीत, पण ते हसले.

वाणाला अजून नाव नाही, आकडाच आहे. पण पाटीवर मी खडूनं "चंदा" लिहिलं आहे. पुढे खरंच वाण निघाला तर हेच नाव सुचवणार आहे. कपाशीच्या गावागावांत तिचं नाव घेतील, मोठी आई. लोक म्हणतील, चंदा पेरली, तिला मर लागत नाही.

तिलक ट्रक घेऊन मुंबईकडे जाताना येऊन गेला. त्याला सगळं दाखवलं. पाटीवरचं नाव त्यानं मोठ्यानं वाचलं.

रुचि


बोदलकसा
६ सप्टेंबर २०२४

रुचि,

तुझं पत्र मी वाचलं. मग तिलकला वाचायला लावलं. मग सुकराम मासे घेऊन आला होता, त्याला बसवून वाचून दाखवलं. तो म्हणाला, "काकी, तुमची चंदा तं मेल्यावर सरकारी नोकरीले लागली वो!" त्याला चहा दिला. दुसऱ्या कोणी असं म्हटलं असतं तर चुलीतलं लाकूड दाखवलं असतं. पण खरं सांगू, मलाही तसंच वाटलं.

ज्या रोगानं सगळे मरतात त्या रोगात ती उभी आहे, हे तू लिहिलंस. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचते. नागपूरला डॉक्टर बाहेर येऊन म्हणाला होता, पोरीच्या अंगात ताकदच नाही. आता त्याला कोणी जाऊन सांगावं.

पोळ्याला झाडाला हळद लावली. शेजारणी हसल्या. हसू द्या.

आता माझं एक ऐक. तिलक म्हणतो, टिकलेल्या झाडांपैकी काही तू कुंड्यांत लावली आहेत, त्यांना आता पात्या, म्हणजे कळ्या धरतील. म्हणजे पहिली वेळ. आपल्यात पहिलं बाळंतपण सासरी करत नाहीत, लेकीला माहेरी आणतात. चंदाचं काही झालंच नाही, ना लग्न, ना डोहाळे. तर तिच्या झाडाची ही एक लेक मला दे. पहिलं बोंड इथे माझ्या अंगणात उमलू दे. मग खुशाल घेऊन जा. तिलक पुन्हा त्याच रस्त्यानं येणार आहे, त्याच्याबरोबर पाठव. नाही म्हणू नकोस.

मोठी आई


अकोला
२३ सप्टेंबर २०२४

मोठी आई,

नाही म्हणते आहे. मी आठवडाभर दौऱ्यावर होते, तुझं पत्र आज हातात पडलं, म्हणून उत्तराला उशीर.

त्या कुंड्यांतली माती रोगट आहे. झाड धडधाकट दिसतं, पण त्याच्या मुळाशी बुरशी जिवंत असते. झाड तिला दाद देत नाही एवढंच. ती माती या वाफ्याबाहेर जाता कामा नये. आम्हीसुद्धा इथून बाहेर पडताना चपला धुतो. माझ्यावर रुसलीस तरी चालेल. बोंडं आली की मी स्वतः स्वच्छ सरकी घेऊन येईन, ती लाव. माहेरपण पुढच्या वर्षी कर.

रुचि


बोदलकसा
२४ सप्टेंबर २०२४

रुचि बाई,

लेक सुखरूप पोचली! काल तिलक आला. तू दौऱ्यावर होतीस म्हणून त्यानं तुझ्या माणसाला सांगून एक कुंडी आणली. तो माणूस "मॅडमले विचारा" म्हणत होता म्हणे. तिलक म्हणाला, मॅडम माझी दीदीच आहे. तू त्या माणसाला बोलू नकोस.

दारात तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. कुंडीत तिचा जीव कोंडला असता, म्हणून आईच्या शेजारीच खड्डा करून लावली. कुंडीतली माती थोडीही वाया जाऊ दिली नाही, सगळी दोघींच्या बुंध्याशी घातली. माहेर-सासरची माती एक झाली. न्हाणीचं पाणी दोघींना पुरतं.

तू मनानं मोठी आहेस. मी मागितलं आणि तू दिलंस.

मोठी आई


अकोला
३० सप्टेंबर २०२४

मोठी आई,

मी दिलं नाही. माझं २३ तारखेचं पत्र एव्हाना तुला मिळालं असेल.

तिलकला फोन केला. तो म्हणतो, "दीदी, आई माझं आयकत नाही, तुझं लिवलेलंच आयकते." म्हणून लिहिते. ती नवी लेक उपट. मुळासकट उपट आणि तिथेच जाळ. त्या जागची माती बांधाकडे, तलावाकडे कुठेही टाकू नकोस. न्हाणीचं पाणी तिथून वळव. हे मी घाबरवण्यासाठी लिहीत नाही.

एक गोष्ट बरी आहे. तुझ्या स्वतःच्या झाडाची काळजी नाही. ते तर तिचीच आई आहे, तो गुण तिच्यातूनच आलेला आहे. तिला काही होणार नाही. मला भीती आहे ती आसपासच्या मातीची. पण एवढं नक्की कर.

रुचि


बोदलकसा
२५ नोव्हेंबर २०२४

रुचि,

राग निवला का? दिवाळीला आली नाहीस म्हणजे निवला नाही. बरं.

मी तिला उपटलं नाही. तूच लिहिलंस की माझ्या झाडाला काही होणार नाही, आणि आमच्या शिवारात दुसरा कापूसच नाही तर रोग लागणार कोणाला? धानाला लागतो का? तू हे लिहिलं नाहीस, म्हणजे लागत नसेल. पहिलटकरीण आलेली लेक हाकलून देणारी बाई मी नाही. न्हाणीचं पाणी मात्र वळवलं, एवढं तुझं ऐकलं.

तिला फूल आलं. लालसर आहे. चंदाच्या झाडाचं फिकट पिवळं येतं, तुला आठवत असेल. बापावर गेली असेल.

धान कापून झाला. तांदूळ तिलकबरोबर पाठवते.

मोठी आई


बोदलकसा
१२ जानेवारी २०२५

रुचि,

तुला बरं आहे ना? तुझं पत्र नाही.

चंदाचं झाड दुपारचं मान टाकून राहिलं आहे. मला वाटलं ऊन लागलं, पण आता ऊन कुठलं, थंडीचे दिवस. पाणी घातलं. संध्याकाळी उभं राहतं. सकाळी पाहिलं तर अगदी नेहमीसारखं. दुपारी पुन्हा तसंच. खालची पानं कडेनं पिवळी पडली आहेत.

चंदा शेवटी अशीच करायची. दुपारी डोळे मिटून पडायची आणि दिवे लागले की उठून बसून म्हणायची, "माय, आता बरं वाटून राहिलं." मी ते खरं मानत होते.

तू पहिल्या पत्रात दुपारचं काहीतरी लिहिलं होतंस. ते पत्र मी काढून वाचलं. तू म्हणालीस तिला होणार नाही. तर हे दुसरं काहीतरी असेल. औषध सांग, तिलक तिरोड्याहून आणेल.

मोठी आई


अकोला
१८ जानेवारी २०२५

मोठी आई,

घाबरू नकोस. मर नसेल. पाणी वळवल्यामुळे मुळं कोरडी पडली असतील, किंवा जुनं झाड आहे म्हणून.

तरी एक कर. सुकलेल्या बाजूची एक फांदी काप आणि विळीवर उभी चीर. आत पांढरी स्वच्छ असेल तर चिंता नाही. मधे तपकिरी रेघ दिसली तर कळव.

आणि मोठी आई, आणखी एक विचारते. तुझं नोव्हेंबरचं पत्र मी तेव्हा धड वाचलं नव्हतं, रागात होते. ते काल पुन्हा वाचलं. इथल्या वाफ्यात टिकलेल्या सगळ्या झाडांना लालसर फुलं आली. एकालाही पिवळं नाही. मी तेव्हा त्याचा विचार केला नाही, सगळं लक्ष मुळांकडे होतं. तू पाठवलेली सरकी सगळी त्याच झाडाची होती ना? असेलच. तरी लिही.

रुचि


बोदलकसा
२६ जानेवारी २०२५

रुचि,

रेघ आहे. फांदी चिरली तर बुडापासून टोकापर्यंत तपकिरी. दुसरी चिरली, तिच्यातही आहे. मग चिरायचं बंद केलं.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर लिहायला बसले आणि दोनदा उठले.

सगळी तिची नव्हती. गेल्या वर्षी बोंडं गळली होती हे मी लिहिलं होतं. सरकी काढली तर पुरचुंडीच्या तळाला एवढीशी. तू लेक, पहिल्यांदा माहेराकडून काही मागितलंस, तुला मी अर्धी ओटी कशी पाठवू? शालीकरामच्या कुंपणाला तलावाच्या वाटेवर देवकापूस आहे. त्यालाही बोंडं होती. ओटीत आपण सगळे तांदूळ एकाच शेतातले घालतो का? कमी पडले तर शेजारणीकडून आणतो आणि ओंजळ भरतो. मी तसंच केलं. अर्धी तिची, अर्धी त्या कुंपणाची. कापूस तो कापूस, असं वाटलं.

तुझं ते निम्मी मेली, निम्मी टिकली वाचलं तेव्हाच मला ती कुंपणाची अर्धी ओंजळ आठवली होती. पण तू त्याचा वेगळा अर्थ लिहिला होतास, शिकलेल्या माणसाचा, आणि पाटीवर चंदाचं नाव लिहिलं होतंस. मग मी कशाला बोलू? वाटलं, तुलाच माहीत. नंतर लालसर फूल आलं तेव्हा तर मला सगळं समजलंच. त्या कुंपणाचं फूल तसंच आहे. तरी लिहिताना बाप म्हटलं. एवढ्या वर्षांनी तिचं नाव कुठे लागलं होतं, ते माझ्या हातानं कसं पुसू?

शालीकरामला विचारलं, तुझ्या कापसाला कधी रोग आला का. तो म्हणतो, "मले का मालूम काकी, त्याले तं बकऱ्या खातेत." त्याच्यावर बकऱ्या चढतात आणि ते झाड मस्त उभं आहे. मी आता तलावाकडून जात नाही, मागच्या रस्त्यानं जाते.

आता एवढंच सांग, काय करू? तू म्हणशील ते करीन. एखादं पाणी, एखादी पूड, काहीतरी असेलच ना गं. एवढी वर्षं तू तेच शिकते आहेस.

मोठी आई


अकोला
३ फेब्रुवारी २०२५

मोठी आई,

काही नाही गं. काहीच नाही.

हे लिहायला मला दोन दिवस लागले. माझ्या टेबलामागे या रोगावरची पुस्तकं छतापर्यंत आहेत आणि त्यांतलं एकही पान तुझ्या झाडाला उभं करू शकत नाही. ज्या झाडात रेघ वर गेली ते झाड जातं. मी हजारो मरताना पाहिली आहेत. मरताना पाहणं हीच माझी नोकरी आहे. पण ती कुणाच्या अंगणातली नव्हती.

चूक तुझी नाही. तू ओटी भरलीस. मी ती न विचारता पेरली. निम्मी का मेली याचं कारण मी वंशात शोधत बसले आणि ते तुझ्या ओंजळीत होतं. एका पत्रानं तुला विचारता आलं असतं. पण मला जे उत्तर हवं होतं ते समोर उभं होतं, मग कोण विचारतं?

आता खरं ऐक. दीदीच्या झाडात तो गुण कधीच नव्हता. ते इतकी वर्षं टिकलं ते रोगाशी त्याची कधी गाठच पडली नाही म्हणून. तुझं अंगण स्वच्छ होतं, चारी बाजूंनी धान होता, तू रोज न्हाणीचं पाणी घातलंस, म्हणून ते जगलं. मी जगलेल्या झाडाला न मरणारं झाड समजले. तिची खरी लेकरं माझ्या वाफ्यात पहिल्याच महिन्यात मेली. मी ती उपटून टाकली आणि त्याच आनंदात तुला पत्र लिहिलं. आणि जी टिकली त्यांच्याबरोबर रोग तिच्या दारात गेला.

आता जे करायचं ते शेतकऱ्यांना सांगते तेच तुला सांगते. दोन्ही झाडं मुळासकट काढ. पान, फांदी, बोंड काही ठेवू नकोस. त्याचं बी धरू नकोस, रोग बियांबरोबरही जातो. तिथेच खड्ड्यात जाळ, वर चुना टाक आणि त्या जागी पुन्हा कधी कापूस लावू नकोस. सप्टेंबरात तू माझं ऐकलं नाहीस. आता तरी ऐक.

पाटीवरचं नाव मी अजून पुसलेलं नाही. पुसू का, ते तूच सांग.

रुचि


अकोला
१० फेब्रुवारी २०२५

मोठी आई,

थांब. जाळलं नसशील तर थांब.

आज मोठ्या साहेबांना सगळं सांगितलं. नेहमीसारखे रागावले. मग म्हणाले, शेतकऱ्याला बी धरू नको सांगतो ते शेताकरता, तू प्रयोगशाळेत बसून तेच कसं सांगितलंस? खरंच आहे. मी घाबरून पाठ केलेलं लिहून टाकलं. एखादं बोंड जरी पुरतं पिकलेलं असेल तर त्यातली सरकी आम्ही औषधात धुऊन, गरम पाण्यात ठेवून स्वच्छ करू शकतो. वरवरच्या बोंडात रोग कित्येकदा पोचतही नाही. भाजलेल्या मातीत, कुंडीत, मी दीदीचं झाड पुन्हा वाढवीन. तिला मर सोसत नाही तर नाही सोसत! तिच्यापर्यंत मर येऊच देणार नाही. आपल्या माणसाला जपतात तसं जपू.

म्हणून झाड काढ, पण एक बोंड ठेव. एकच. नसेल तर घरात कुठे वातींच्या कापसात, सुपात, फडक्यात चुकून राहिलेली एखादी सरकी शोध. कागदात बांधून ठेव, मी शनिवारी निघते.

तिलकला सकाळपासून फोन लावते आहे. तो आसामकडे गेला आहे ना? लागतच नाही. सुकरामभाऊंचा नंबर माझ्याकडे नाही. हे पत्र स्पीड पोस्टानं टाकते आहे. लवकर पोचू दे.

रुचि


बोदलकसा
११ फेब्रुवारी २०२५

रुचि बाई,

तुझं ३ तारखेचं पत्र शनिवारी मिळालं. शनिवारी नाही केलं, रविवारीही हात उचलला नाही. सोमवारी सुकरामला बोलावलं. तो म्हणाला, "काकी, वरून हिरवा हाये ना अजून, कायले काढता?" मी म्हटलं, पोरीनं लिहिलं आहे. त्यानं खणून काढलं. मूळ फार लांब गेलं होतं, न्हाणीच्या दगडाखालून स्वयंपाकघराच्या भिंतीपर्यंत. सगळं काढलं. नवी लेकही काढली. ती तर धडधाकट होती, तिचा काय दोष, पण तू दोन्ही म्हटलं होतंस.

तिथेच जाळलं. ओलं होतं, लवकर पेटेना. चुना टाकला.

नाव पुसू नकोस. आमची चंदा नाही टिकली, तिच्या नावाचं दुसऱ्याचं लेकरू टिकू दे. शालीकरामच्या कुंपणाला नाव तरी कोण देणार होतं?

तू स्वतःला दोष देऊन जेवण सोडू नकोस. मला तुझा स्वभाव माहीत आहे. तू काही नाही म्हणालीस, ते बरं केलंस. नागपूरचा डॉक्टर शेवटच्या दिवसापर्यंत बघू बघू म्हणत होता आणि मी डबा घेऊन जात होते.

आता एक सांगते, म्हणजे तुला पटेल की या वेळी मी तुझं पूर्ण ऐकलं. शेंड्याला एक बोंड उमललं होतं. एवढं झाड सुकलं तरी ते कसं पांढरंशुभ्र निघालं होतं. सुकरामनं तोडून माझ्या हातात दिलं. ठेवावं असं फार वाटलं. देवाजवळ ठेवलंही. मग तुझं वाक्य आठवलं, बी धरू नकोस. परत गेले आणि तेही आगीत टाकलं.

या महाशिवरात्रीला नागऱ्याला जायला पाय उचलत नाहीत. डब्यातल्या वाती तुला पाठवते आहे. शेवटच्या तिच्याच आहेत, तिकडे कुठल्या महादेवाला लाव. रोगाची भीती धरू नकोस. डबा उन्हात रिकामा करून एकेक वात उलगडून पाहिली आणि पुन्हा वळली. दोन वातींत सरकी अडकलेली सापडली, तीही चुलीत टाकली. आता आमच्या घरात तिचं एकही बी राहिलेलं नाही, तू निश्चिंत राहा.

तुझी मोठी आई
धनवंता